मदत हवी आहे: हात प्लॅस्टरमध्ये, दिवसभर घरी एकट्या. एका हाताने घालता येतील असे कपडे आणि एका हाताने होईल असा स्वयंपाक (सातारा)

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं सांगता येईल तुम्हाला.

माझ्या सासूबाई (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो) पावसात अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि हात टेकून पडल्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलंय. कोपराच्या खाली प्लॅस्टर आहे, बोटं मोकळी आहेत. डॉक्टर म्हणतात, अजून महिनाभर तरी निघायचं नाही, आणि निघाल्यावरही पिळणं, मळणं, जड उचलणं लगेच नाही. वय सत्तरीच्या पुढे. हे शिरवळला कंपनीत, सकाळी लवकर जातात. मी नऊला बाहेर पडते ती संध्याकाळी सहाला येते. मुलगी पुण्यात शिकते. शेजारच्या काकू दुपारी एक फेरी मारतात, तेवढाच आधार.

पहिली अडचण कपड्यांची. आईंनी लग्नापासून साडीशिवाय काही नेसलेलं नाही. एका हाताने निऱ्या होत नाहीत, परकराची नाडी बांधता येत नाही. सकाळी मी नेसवून जाते. पण दिवसा बाथरूमला गेल्यावर साडी सुटली तर परत नेसवणार कोण, या भीतीने आई पाणीच कमी पितात. परवा तांब्या जसाच्या तसा भरलेला दिसला म्हणून विचारलं, तेव्हा हे कळलं. तेव्हापासून ऑफिसात माझं लक्ष लागत नाही.

खण आळीत आणि राजवाड्याच्या बाजूला बरीच दुकानं पालथी घातली. गाऊन मिळतात ते डोक्यावरून घालायचे, फार तर छातीपर्यंत चेन असलेले. म्हणून पुढून पूर्ण उघडणारा एक ऑनलाइन मागवला. वर्णनात कॉटन लिहिलं होतं, आलं ते गुळगुळीत, चमकणारं कापड. बाही अरुंद, प्लॅस्टर आत जातच नाही. परत न्या म्हटलं तर विक्रेता म्हणतो, नाईटवेअर परत घेत नाही.

दुसरी अडचण जेवणाची. मी डब्यात भरून ठेवते, पण आईंना गार जेवण जात नाही. बाहेरचा डबा लावून पाहिला, तो तिखट आणि तेलकट. स्वयंपाकाला बाई ठेवू म्हटलं तर "माझं मी बघते, तू जा आपली हापिसला" म्हणाल्या. आणि त्या खरंच करू शकतील असं मलाही वाटतं, डोकं आणि डावा हात दोन्ही चांगले चालतात. भीती आहे ती गॅसची आणि गरम भांडी उचलण्याची.

तर, कुठले कपडे मागवू, माप कसं घेऊ, आणि दुपारचं एक वेळचं गरम जेवण त्यांना त्यांच्या हातानं कसं करता येईल? ज्यांनी घरात असं कुणाचं केलंय त्यांनी जरूर लिहा.

शिवणयंत्र

ताई, मी कराडला घरीच शिवणकाम करते. अशा पेशंटचे कपडे बदलून दिलेत, म्हणून लिहिते.

बाहीत प्लॅस्टर मावावं म्हणून दोन साइज मोठा गाऊन मागवू नका. बाही मोठी मिळेल, पण खांदा उतरेल, गळा पुढे येईल आणि घेर पायात अडकेल. त्या पुन्हा पडता कामा नयेत. छातीच्या मापाचाच घ्या आणि उजवी बाही इथे उघडून घ्या: काखेखालची बाहीची शिवण कडेपासून मुंढ्यापर्यंत उसवायची, दोन्ही बाजूंना पट्टी लावायची आणि वेल्क्रो बसवायचा. वेल्क्रोची मऊ बाजू अंगाकडे, खरखरीत बाजू बाहेर. धुताना बंद करून टाका, नाहीतर दुसरे कपडे धरतो.

मापासाठी अंगावर टेप धरण्यापेक्षा आईंना सैल बसणारं एखादं ब्लाउज किंवा झंपर पलंगावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ऑनलाइन तक्त्यात हेच कपड्याचं माप म्हणून दिलंय की अंगाचं, ते नीट वाचा. दोन्हींत तीन-चार इंचांचा फरक असतो, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. प्लॅस्टरचा घेर सगळ्यात जाड जागी मोजून त्यात दोन इंच धरा.

बटणं एका हाताने लागत नाहीत असं नाही, पण डाव्या हाताने पहिल्या आठवड्यात फार वैताग येतो. पुढची बटणं शोभेला वर ठेवा आणि आतून वेल्क्रोचे तुकडे लावा. सलग पट्टी लावलीत तर कापड ताठ होतं, बसताना टोचतं.

आता साडीचं. आईंना साडीच हवी असेल तर ती सोडायला लावू नका. घरातली एक मऊ सुती साडी घ्या. निऱ्या घालून वरच्या काठावर टीप मारायची, कमरेला रुंद वेल्क्रो, आणि कमी-जास्त करायला चार इंच जादा. परकराची नाडी काढून तिथे रुंद इलॅस्टिक. साडी कापायची नाही. हात बरा झाला की टीप उसवायची, साडी होती तशी. कुठलीही शिवणारी बाई अर्ध्या दिवसात करून देईल.

आणि तो आलेला गाऊन घालून त्यांना स्वयंपाकघरात अजिबात पाठवू नका. चमकतोय म्हणजे बहुतेक पॉलिस्टर. ते पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. खात्री करायची असेल तर आतल्या मार्जिनमधून कापडाचा एक धागा ओढून घ्या. शिवणीचा दोरा घेऊ नका, तो सुती कपड्यातही बऱ्याचदा पॉलिस्टरचाच असतो. चिमट्यात धरून, सिंकजवळ उभं राहून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख हाताने चुरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं, आणि टोकाला टणक मणी होतो.

मिरजवाली

माझ्या वडिलांचा एक हात अर्धांगानंतर चालत नव्हता, तेव्हा फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं सांगते. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. हे उलटं झालं की पेशंट रडकुंडीला येतो, क्रम पाळला की दहा मिनिटांचं काम तीन मिनिटांत होतं. कपडे बदलताना उभं राहायचं नाही. पलंगाची कड नको, पाठ असलेली हात्यांची खुर्ची हवी, पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत.

उजव्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढली आहे ना? बोटांना सूज आली तर अंगठी रुतते. बोटं काळी-निळी पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढत गेला तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

पाण्याचं मात्र आजच्या आज बघा. पाणी कमी पडलं की या वयात लघवीचा त्रास, बद्धकोष्ठ, चक्कर हे सगळं येतं, आणि चक्कर आली की दुसरं पडणं ठरलेलं. साडी शिवून मिळेपर्यंत इलॅस्टिकचा परकर आणि वर पुढून उघडणारा साधा सुती झंपर एवढ्यावर राहू देत. घरात कोण बघायला आहे!

शाहूपुरीकर

शिवणयंत्र ताई, काल रात्री धागा जाळून बघितला. आकसला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. नखाने फुटत नाही. वर्णनात स्पष्ट "कॉटन" लिहिलेलं आहे.

मिरजवाली ताई, अंगठी निघाली आहे, बोटं व्यवस्थित हलतात. परकरात इलॅस्टिक मी सकाळीच घातलं. आईंनी ते दोन-तीनदा स्वतः वर-खाली करून पाहिलं आणि मग पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला. तुम्हा दोघींचे फार उपकार.

परत करायचं कसं, आणि स्वयंपाकाचं कुणी सांगेल का?

कृष्णाकाठ

परत करण्याबद्दल. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. "नाईटवेअर परत नाही" ही अट मन बदललं किंवा साइज चुकली तर ठीक आहे, कॉटन सांगून पॉलिस्टर पाठवलं तर ती चालत नाही. म्हणून तक्रारीत बाहीचा विषय काढूच नका, फक्त कापडावर बोट ठेवा.

वर्णनाच्या पानाचा स्क्रीनशॉट आत्ता काढा, नंतर ते बदलतात. गाऊनच्या आतल्या लेबलचा फोटो घ्या. धुऊ नका, टॅग काढू नका. त्या अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे, तिथे लेखी पाठवा. ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण, असा नियम आहे. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतून बोलता येतं.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका, अ‍ॅपमधलाच वापरा. परतीचे पैसे मिळवायला क्यूआर कोड स्कॅन करा किंवा ओटीपी सांगा असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला यातलं काही लागत नाही.

चुलीपासून_इंडक्शनपर्यंत

मी सांगलीची, आईचा खांदा मोडला तेव्हा सात-आठ आठवडे हेच केलं. आमच्याकडे एकच नियम होता: गरम भांडं उचलायचं नाही. भांडं रिकामं असताना जागेवर ठेवायचं, त्यात तांब्याने पाणी घालायचं, शिजलं की पळीने शेजारच्या ताटात वाढायचं, आणि बाकीचं तिथेच निवू द्यायचं. संध्याकाळी घरचं माणूस उचलेल. हा नियम पाळला तर निम्मी भीती जाते.

कुकर नको. आतल्या झाकणाचा असो की बाहेरच्या, एका हाताने लागत नाही, आणि अर्धवट लागलेलं झाकण फार धोक्याचं. त्यापेक्षा लहान इलेक्ट्रिक राइस कुकर घ्या. शिजलं की तो आपणहून "वॉर्म"वर जातो, बंद करायचं लक्षात ठेवावं लागत नाही. सकाळी तुम्ही अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ धुऊन, हळद, हिंग, मीठ आणि चमचाभर तूप घालून तीन वाट्या पाण्यात भिजवून जा. आईंनी साडेअकराला बटण दाबायचं, बस. मऊ, गरम खिचडी. तूप घातल्याने उतूही कमी जातं. भांडं निम्म्याच्या वर भरू नका.

रोज खिचडी नको वाटणार, म्हणून उकड. तांदळाचं पीठ आंबट ताकात आधी गार असतानाच कालवून ठेवायचं, मग गाठी होत नाहीत. कालवताना वाडग्याखाली ओलं फडकं घडी करून ठेवा, वाडगं फिरत नाही. ही ओल्या फडक्याची युक्ती सगळीकडे चालते: किसणी, पाट, खल, सगळ्याखाली. पिठलंही तसंच, बेसन गार पाण्यात आधी कालवून. कढई मात्र नको, ढवळताना ती गोल फिरते आणि धरायला दुसरा हात नसतो. जड बुडाचं, पसरट, लांब दांड्याचं पातेलं घ्या. नाचणीची आंबील याच रीतीने होते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमच्या वर. हाड जुळायच्या दिवसांत चांगली.

भाजी तुम्ही रात्री चिरून ठेवा. विळीवर तर अजिबात बसू देऊ नका, तिला दोन्ही हात लागतात आणि पाटावरून उठताना हात टेकावा लागतो. दुधाची पिशवी पातेल्यात उभी ठेवून कात्रीने कोपरा कापायचा, दूध पातेल्यातच पडतं. फिरकीच्या झाकणांचे डबे आठवडाभरासाठी बाजूला काढा, मीठ-तिखट-हळद उघड्या वाट्यांत काढून वर हलकी ताटली.

शिवणयंत्र

इंडक्शन असेल तर उत्तम, ज्योत नाही म्हणजे पदर-बाही पेटायची भीती नाही. पण पातेलं लोखंडी किंवा इंडक्शनच्या बुडाचं लागतं, साध्या अ‍ॅल्युमिनियमचं चालत नाही. आईंना पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि गॅस असो की इंडक्शन, वेल्क्रोची बाही स्वयंपाक करताना उघडी लोंबती राहायला नको. कोपराच्या वर दुमडून पट्टीने अडकेल अशी एक फीत शिवून घ्या.

शाहूपुरीकर

पेसमेकर नाही. घरात इंडक्शन पडून आहे, आज काढते. गाऊनची तक्रार लेखी पाठवली, पोच आली आहे.

एक राहिलं. आईंना भाकरीची फार आठवण येते. त्या मूळच्या माणच्या, ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. एका हाताने काही होईल का?

चुलीपासून_इंडक्शनपर्यंत

भाकरी नाही होणार, आणि त्यांनी हट्टाने केली तर प्लॅस्टरच्या हातावर जोर येईल. धपाटं होईल. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, ओवा, तिखट, मीठ, बारीक चिरलेला कांदा घालून सकाळी तुम्ही सैलसर मळून ठेवा. आईंनी ओल्या फडक्यावर एका हाताने थापायचं, त्याला डावा हात पुरतो. फडक्यासकट उचलून तव्यावर टाकणं मात्र एकटीने नको. थापायचं त्यांनी आणि तव्यावर टाकायचं दुपारी येणाऱ्या काकूंनी, असं जमवता येतंय का बघा. काकू नसतील त्या दिवशी तेच पीठ ताकात पातळ करून पळीने तव्यावर धिरडं घाला. तवा नॉनस्टिक हवा. पहिलं धिरडं मोडेल, दुसऱ्यापासून नीट येतील. सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी.

शाहूपुरीकर

काकूंना आत्ताच विचारून आले. रोज साडेबाराला येतो म्हणाल्या, आणि त्यांचंही एक धपाटं थापायला सांगितलंय. आई पीठ किती भिजवायचं ते मला सांगत बसल्यात. शिवणयंत्र ताई, निऱ्यांच्या टिपेसाठी साडी उद्या टाकते आहे; वेल्क्रो किती रुंदीचा सांगू?

शिवणयंत्र

कमरेला दोन इंच, बाहीला एक इंच पुरे. चिकटवायचा घेऊ नका, शिवायचा घ्या.