सासवडच्या बाजूला कमी गाड्यांचे, चढउताराचे सायकल रूट सांगा

पहाटवारा
नमस्कार मंडळी. मी कोंढव्यात राहते, वय ४७, मागच्या दिवाळीत हायब्रिड सायकल घेतली आणि आता रविवारचे ५०-६० किमी आरामात होतात. पण होतात कुठे तर सोलापूर रोडला नाहीतर हायवेच्या सर्व्हिस रोडला, आणि गेल्या महिन्यात एक डंपर इतका चिकटून गेला की मी सरळ कडेच्या मातीत उतरले आणि पाच मिनिटं तशीच उभी राहिले, हात थरथरत होते. घरचे म्हणतात आता बस कर. मला नाही बंद करायची. स्पीडचं मला काही नाही, मला शेतांमधून जाणारा रस्ता हवाय, थोडा चढ थोडा उतार, मध्ये एखादं गाव, चहा, आणि मागून हॉर्न नको. बोपदेव घाट चढून सासवडपर्यंत मेन रोडने एकदा गेलेय, तिथेही गाड्या बऱ्याच होत्या. आतले रस्ते कुणी केलेत का? आणि एकटीने जाण्यासारखे आहेत का, हे पण सांगा.

पुरंदरचा_शेतकरी
ताई, मेन रोड सोडा हो. सासवडला जाणाऱ्या सगळ्या गाड्या एकतर दिवे घाटाने येतात नाहीतर बोपदेव-चांबळी रस्त्याने, आत कुणी वळतच नाही कारण आतून वेळ जास्त लागतो. तुम्हाला तर वेळच घालवायचाय! घाट चढून आलात की आस्करवाडी, मग भिवरी, तिथून मेन रोड सोडून गराड्याकडे वळायचं. गराडे म्हणजे आमच्या कऱ्हा नदीचं उगमाकडचं गाव, वर डोंगर, खाली धरणाचं पाणी. तिथून कोडीत, आणि कोडीतवरून खाली सासवड. जाताना गराडे-कोडीत, येताना चांबळीवरून परत बोपदेव असं केलं तर कोंढव्यातून पन्नाशीच्या आसपास होतात. रस्ता एकसारखा वरखाली आहे, पण चढ दम काढणारे नाहीत, एक चढ संपला की तेवढाच उतार पुढे दिसतो.

सकाळी या रस्त्यावर काय असतं, दुधाची गाडी, एसटी, शाळेची बस, मोटारसायकलवर कॅन बांधून निघालेली पोरं. सगळे साइड देतात, हात पण करतात. कोडीतला म्हस्कोबाचं देऊळ आहे, थांबा जरा. माघात इथून पालखी वीरला जाते, त्या दिवसांत आलात तर रस्त्यावर सायकलीपेक्षा माणसंच जास्त, पण ते बघण्यासारखं असतं.

कधी यायचं तेही सांगतो. पावसात वाटाण्याचे मळे असतात, श्रावणापासून पुढे सीताफळाच्या पाट्या रस्त्याकडेला दिसायला लागतात, आणि अंजिराचे दोन बहार, खट्टा थंडीत आणि मिठा उन्हाळ्याच्या तोंडाला. आमच्या अंजिराला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. मिठ्या बहारातलं अंजीर बांधावर उभं राहून खाल्लेलं आणि पुण्यातल्या गाडीवरचं यात फरक आहे, तो तुम्हाला खाऊनच कळेल.

जुनी_हायब्रिड
दादांनी सांगितलेला रूट मी कितीतरी वेळा केलाय, डोळे झाकून जा. त्यात थोडी भर.

पहिलं म्हणजे वारा. हे कुणी सांगत नाही आणि नवीन माणूस इथेच मार खातो. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे सासवडला जाताना पाठीवर, तुम्हाला वाटतं आज काय पाय चाललेत, आणि परत येताना तोच वारा छातीवर घेऊन चांबळी ते बोपदेव माथा करायचाय, तेही सासवड पुण्यापेक्षा उंचावर असूनसुद्धा माथ्यापर्यंत तुम्हाला पुन्हा चढायचंच असतं. पाणी आणि ताकद दोन्ही परतीसाठी राखून ठेवा, अर्धं पाणी सासवडच्या आत संपलं तर तिथेच भरून घ्या.

दुसरं, बाभळीचे काटे. गराडे-कोडीत पट्ट्यात रस्त्याकडेला झाडं छाटली की काटे डांबरावर येतात, म्हणून अगदी कडेने चालवू नका, डाव्या चाकोरीतून चालवा. दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) हे पाहिजेच, आणि चाक काढून ट्यूब बदलायची सवय घरी अंगणात करून या. पंक्चरवाला सासवडला मिळेल, मध्ये भरवसा नाही. टायर ३२ मिमी रुंदीचे असतील तर फार टणक हवा भरू नका, रस्ता ठिकठिकाणी खडबडीत आहे, मनगटं दुखतात.

गराड्यावरून एक रस्ता मरीआई घाटाने खाली खेड शिवापूरला उतरतो. घाट सुरेख आहे, पण खाली गेलात की कात्रजपर्यंत हायवे, म्हणजे जे टाळायचंय तेच समोर. तुम्ही घाटमाथ्यापर्यंत जा, बघा, परत फिरा. मी तसंच करतो.

आणि नारायणपूर कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच लिहितो. सासवड-नारायणपूर-कापूरहोळ हा रस्ता दिसायला या सगळ्यात देखणा, सासवड सोडताना चांगावटेश्वर, मग सगळा वेळ समोर पुरंदर-वज्रगडाची जोडी, नारायणपूरला नारायणेश्वराचं जुनं दगडी देऊळ. पण शनिवार-रविवारी केतकावळ्याच्या बालाजीला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते, पौर्णिमेला नारायणपूरला दत्ताची गर्दी. मधल्या वारी सुट्टी काढून जमलं तर सकाळी लवकर जा, रविवारी नको.

दोन_चाकं_एक_डबा
पहाटवारा, मी पण एकटी जाते म्हणून सरळ लिहिते. पुरुष मंडळी म्हणतात पहाटे पाचला निघा म्हणजे रस्ता मोकळा. अंधारात बोपदेव एकटीने करू नकोस. उजाडल्याशिवाय घाटाला लागायचं नाही हा माझा नियम आहे, मग भले अर्धा तास उशीर होवो. उन्हाळ्यात सहाला उजाडतं तेव्हा प्रश्न नसतो, डिसेंबरात मी सातशिवाय निघत नाही. येवलेवाडीपर्यंत डंपर आणि सिमेंटच्या गाड्या असतात, तो तुकडाच खरा वाईट आहे. सुरुवातीचे काही रविवार मी सायकल कारमध्ये टाकून भिवरीला नेली, तिथून सुरू केलं. यात कमीपणा काही नाही, तुला मोकळा रस्ता हवाय ना, तो भिवरीनंतरच सुरू होतो.

बाथरूमचं कुणी लिहिणार नाही म्हणून लिहिते, सासवड एसटी स्टँड आणि तिथले पेट्रोलपंप. मधल्या गावात एखाद्या घरी बाईमाणसाला विचारलं तर आजवर मला कुणी नाही म्हणालेलं नाही, उलट चहा ठेवतात.

कुत्र्यांसाठी: जोरात पॅडल मारून पळायचं नाही. थांबायचं, उतरायचं, कुत्रा आणि आपल्या मध्ये सायकल धरून चालत पुढे जायचं. दहा पावलांत त्यांचा इंटरेस्ट संपतो. मागचा ब्लिंकर दिवसाही चालू ठेव, आणि घरी लाइव्ह लोकेशन देऊन ठेव म्हणजे घरच्यांची पण झोप उडत नाही.

पुरंदरचा_शेतकरी
अजून एक सांगतो, जरा सवय झाली की पूर्वेकडे पण या. सासवडहून वनपुरी, उदाचीवाडी, सिंगापूर असं करत वाघापूरपर्यंत. इकडे डोंगर लांब सरकतात, माळरान आणि बागा, आभाळ मोठं दिसतं, चढ अगदी सौम्य. वाघापूरवरून मागे फिरा, पुढे शिंदवणे घाट उतरलात की उरुळी कांचन आणि सोलापूर रोड.

ही बाजू लवकर बघून घ्या असं मनापासून म्हणतोय. पुरंदरच्या नव्या विमानतळासाठी जी सात गावं धरलीत त्यात वनपुरी, उदाचीवाडी आहेत, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, पारगाव आहेत, महात्मा फुल्यांचं खानवडी पण आहे. माझ्या बहिणीचं घर त्यातल्याच एका गावात. ज्या बांधावर तुम्ही अंजीर खाल तो बांध पुढे असेल का नाही हे आम्हालाच माहीत नाही. रस्ता मात्र आज शांत आहे, आणि गावात कुणालाही सांगा सायकलवर आलेय, पाणी मिळेल.

जुनी_हायब्रिड
दादा, वाचून वाईट वाटलं. वाघापूरची बाजू मी फक्त एकदाच केलीय, या महिन्यात परत येतो.

ताई, आषाढीच्या आधी माऊलींची पालखी दिवे घाटाने सासवडला येते आणि तिथे मुक्काम असतो, त्या दोनतीन दिवसांत सायकल घेऊन तिकडे जाऊ नका, रस्ते बंद असतात. चालत जायचं असेल तर वेगळी गोष्ट, मग जरूर जा.

पहाटवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले. ताईचं ऐकून सायकल कारमध्ये टाकली, नवऱ्याने भिवरीला सोडलं आणि तो सासवडला जाऊन बसला. भिवरी-गराडे-कोडीत-सासवड. मोजल्या म्हणून सांगते, गराडे ते कोडीत मला फक्त चार चारचाकी गाड्या भेटल्या, त्यातली एक दुधाची. गराड्याच्या पुढे एका चढावर उतरून ढकलली, लहान गिअर टाकायला उशीर केला मी. एक पंक्चर, काटाच. ट्यूब बदलायला चाळीस मिनिटं लागली, दोन शाळकरी पोरं शेवटपर्यंत थांबली, पंप त्यांनीच मारला.

म्हस्कोबाच्या देवळाच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. सासवडला पोचले तेव्हा नवऱ्याने विचारलं भीती वाटली का, आणि मला आठवावं लागलं की मी कशाला घाबरत होते.

दादा, पुढच्या रविवारी वाघापूर. सासवडहून सकाळी सातला निघाले तर ऊन लागायच्या आत परत येता येईल ना? आणि वनपुरीत चहा कुठे मिळेल तेवढं सांगा.

पुरंदरचा_शेतकरी
आरामात याल. वनपुरीत चहा हॉटेलात नको, बहिणीकडे सांगून ठेवतो. शनिवारी इथे फक्त येताय म्हणून लिहा, घर कुठलं ते मेसेजमध्ये कळवतो.