ब्लोअरसाठी इलेक्ट्रिक मिनी ट्रॅक्टर घ्यावा की परत डिझेलच? (६ एकर द्राक्ष, दिंडोरी)

कादवाकाठ
राम राम मंडळी. आमची दिंडोरी तालुक्यात ६ एकर द्राक्षबाग आहे, सगळी ९ बाय ५ फुटांवर. २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे तो आता ११ वर्षांचा झालाय, गेल्या महिन्यात हेड खोलावं लागलं आणि मेकॅनिक म्हणतो पंप-नोझलचंही काम काढावंच लागेल. एवढा पैसा जुन्यात घालण्यापेक्षा नवीन घेऊ असं घरात ठरलंय, पण कोणता यावर एकमत होईना. वडील म्हणतात डिझेलचाच घे, पंधरा वर्षं बघायचं काम नाही. धाकटा भाऊ म्हणतो इलेक्ट्रिक घेऊ, डिझेल नव्वदच्या घरात गेलंय, महिन्याला कॅन भरभरून आणतोय आपण.

एक डेमो बघून आलो. खरं सांगायचं तर चालवायला फार आवडला, अजिबात आवाज नाही, क्लच सोडल्या सोडल्या ओढतो, धूर नाही. विकणारा म्हणाला एका चार्जिंगमध्ये ८ तास चालतो. पण डेमोला मागे रिकामी ट्रॉली होती आणि आमचं नव्वद टक्के काम ब्लोअरचं, म्हणजे पंख्याने औषध फवारायचं आहे. ब्लोअर जोडून किती तास जाईल हे विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. कोणी बागेत वापरलाय का? सोबत ग्रास कटर आणि छाटणीच्या कात्र्यापण बॅटरीवर घ्यायचा विचार आहे, त्याचाही अनुभव सांगा. पैसे एकदाच घालता येतील म्हणून नीट विचारून घ्यायचंय.

निफाड_मळा
दादा तुम्ही प्रश्न अगदी बरोबर जागी विचारलाय, ८ तास कशावर हाच मुद्दा आहे. सोनालिकाने डिसेंबर २०२० मध्ये टायगर इलेक्ट्रिक आणला तेव्हा त्यात २५.५ युनिटची बॅटरी होती आणि कंपनीने सांगितलेले ८ तास हे २ टनाची ट्रॉली ओढण्याचे होते. ट्रॉलीला रस्त्यावर ताकद थोडी लागते, मध्ये थांबता, उतार लागतो. ब्लोअरचं तसं नाही, पंखा आणि पंप पीटीओवर, म्हणजे मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर, फिरत राहतात आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोड एक सेकंदही कमी होत नाही.

मी माझ्या ट्रॅक्टरवर हिशेब केला होता तो देतो, तुमचा साधारण असाच येईल. ब्लोअरला तासाला ३ लिटर डिझेल जातं. १ लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिटची उष्णता असते, पण इंजिन त्यातली पाव ते तीस टक्केच कामाला लावतं, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते, म्हणजे लिटरमागे ३ युनिट धरा. ३ लिटरचे झाले ९ युनिट. मोटर आणि तिच्या कंट्रोलरमध्ये दहा-बारा टक्के जातात म्हणून बॅटरीतून तासाला १० युनिट निघणार. २५ युनिटची बॅटरी कोणी पूर्ण शून्यावर नेत नाही, २१-२२ वापरता येतात. म्हणजे सलग दोन तास, फार तर सव्वादोन. तुमच्या ६ एकराला पाणी भरण्यासकट एका फवारणीला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत, मला ४ एकराला दोन तास लागतात.

पैशात बघाल तर इलेक्ट्रिक स्वस्तच आहे यात वाद नाही. डिझेलचे तासाला २७० रुपये आणि विजेचे चार्जरमधला तोटा धरून १२ युनिट, १० रुपयाने धरले तरी १२०. तासामागे दीडशे वाचतात. तुमचा तासाचा मीटर बघा, वर्षाला ३५० तास होत असतील तर पन्नास हजारांवर झाले, शिवाय इंजिन ऑईल, फिल्टर, बेल्ट हे नाही. म्हणून भाऊ म्हणतो तेही खोटं नाही.

आणि एक करा, कोणताही मॉडेल असो, बुदनीचा टेस्ट रिपोर्ट मागा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, रिपोर्टमध्ये पीटीओवर प्रत्यक्ष किती पॉवर मिळाली ते लिहिलेलं असतं. मोटरचा पीक एचपी वेगळा आणि तासभर सलग देईल तो वेगळा, पत्रकावर मोठा आकडा पीकचा असू शकतो. सलग किती हेच विचारायचं.

चांदवड_३एकर
मी वापरतोय म्हणून लिहितो. ३ एकर बाग, एक छोटा इलेक्ट्रिक आहे, कंपनीचं नाव इथे घेत नाही. माझा जुना डिझेलपण मी विकला नाही आणि विकला नाही हे फार बरं झालं.

रोजच्या दिवशी एकदम छान आहे. काढणीला क्रेट वाहायला मांडवाखालून आत जातो, दिवसभर थांबत थांबत चालतो, संध्याकाळी अर्धी बॅटरी शिल्लक असते. बाया म्हणतात धुराने डोळे चुरचुरत नाहीत, ओळीत एकमेकींचं बोलणं ऐकू येतं. ब्लोअरलापण ३ एकर एका चार्जला होतात, फवारणी झाली की घरी आणून प्लग लावायचा, दुसऱ्या दिवशी तयार.

पण २०२३ चा नोव्हेंबर आठवा. २६ तारखेला गारा आणि पाऊस झाला, आपल्या जिल्ह्यात किती बागा गेल्या ते सगळ्यांनी बघितलंय. माझ्याकडे गारा कमी होत्या पण पाऊस चांगला पडला आणि घड ओले, पानं ओली, डावणी (बुरशीचा रोग) येणार हे दिसत होतं. पाऊस थांबला रात्री साडेअकराला, बारा वाजता मी ब्लोअर सुरू केला, इलेक्ट्रिकवर, कारण तोच जोडलेला होता. दोन एकर झाले आणि परत पाऊस आला. मारलेलं सगळं धुऊन गेलं. पावणेतीनला उघडीप मिळाली तेव्हा बॅटरी ३० टक्क्यांवर, आणि लाईट गेलेली. त्या अंधारात पोरगा आणि मी ब्लोअर सोडून टॉर्चच्या उजेडात डिझेलवर जोडला, पिन बसेना, चिखलात गुडघे टेकून जॉइंट लावला, त्यात पाऊण तास गेला. मग कॅनमधून १० लिटर ओतलं आणि सकाळी सातपर्यंत मारलं. बाग वाचली. त्या रात्री दुसरा ट्रॅक्टर नसता तर वर्ष गेलं असतं.

म्हणून महिन्याचं डिझेल मोजू नका दादा. वर्षातली सगळ्यात वाईट रात्र कोणती आणि त्या रात्री न थांबता किती तास लागतील ते मोजा.

ओझरची_ताई
ट्रॅक्टरचं माझे मिस्टर बघतात, मी कात्र्या आणि ग्रास कटरचं सांगते कारण ते काम आमच्याकडे मी बघते.

बॅटरीची कात्री डोळे झाकून घ्या. आम्ही २ वर्षांपूर्वी ४ घेतल्या, २१ व्होल्टच्या, प्रत्येकीला दोन दोन बॅटऱ्या. खरड छाटणीला (काढणीनंतरची) जाड काडी असते, साध्या कात्रीने दिवसभर कापलं की बायांची मनगटं सुजतात, रात्री हात शेकत बसतात, हे मी माझ्या आईपासून बघत आले. आता तीच बाई संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापू शकते. एक बॅटरी दुपारपर्यंत जाते, जेवायच्या सुट्टीत बदलायची. गोडी छाटणीलापण (फळासाठीची) वापरतो पण तिथे काडीवरचे डोळे बघून कापायचं असतं, वेग एवढा वाढत नाही.

पण हे नीट ऐका. ही कात्री बोट आणि काडी यात फरक करत नाही. आमच्या एका मुलीने डाव्या हाताने काडी धरली होती आणि ट्रिगर दाबला, तर्जनीचं टोक गेलं. तेव्हापासून नियम केलाय, डाव्या हातात जाड कातडी ग्लोव्ह घातल्याशिवाय कात्री द्यायचीच नाही, आणि काडी धरायची ती कापायच्या जागेपासून वीतभर लांब. घ्याल त्या दिवशीच ग्लोव्ह घ्या, उद्या आणू असं करू नका.

ग्रास कटरचं मात्र उलटं झालं. बॅटरीचा घेतला, गोठ्याजवळ आणि घरामागे चांगला चालतो, सकाळी सहाला चालवला तरी कोणी उठत नाही. बांधावर पावसाळ्यानंतर जे गवत होतं त्यात अर्ध्या तासात बॅटरी संपते, आणि जास्तीच्या बॅटरीची किंमत ऐकून परत आले. बांधाला आम्ही पेट्रोलचाच ठेवलाय, फोर स्ट्रोकचा, म्हणजे पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मिसळायची कटकट नाही. टू स्ट्रोकमध्ये एकदा गडी नुसतं पेट्रोल ओतून बसला आणि पिस्टन जाम झाला होता म्हणून सांगते.

पाठीवरचा पंप आठवा ना, हँडल मारायचा पंप गेला आणि बॅटरीचा आला तेव्हा कोणी चर्चासुद्धा केली नाही, सगळ्यांनी घेऊन टाकला. कडबाकुट्टीपण मोटरवरच आहे. जिथे काम थोडं थोडं आणि हलकं आहे तिथे बॅटरी आपल्याकडे आधीच आलेली आहे.

वायरमन_सातपूर
चार्जिंगबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, माझं कामच ते आहे.

कादवाकाठ भाऊ, सगळ्यात आधी हे बघा की चार्जिंग कुठल्या कनेक्शनवर करणार. शेतीपंपाच्या लाईनवर करू नका. ते कनेक्शन पंपासाठी दिलेलं आहे, दुसऱ्या कामाला वापरलं तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरतात आणि दुप्पट दराने आकारणी होते. साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज आता मोफत आहे म्हणून लोक तिकडे प्लग लावायला बघतात, त्यात पडू नका. शिवाय ती थ्री फेज ठराविक तासच असते आणि तीही पाळीने, कधी दिवसा कधी रात्री.

घरच्या सिंगल फेजवर १६ अँपियरच्या सॉकेटमधून ३ किलोवॅट धरा, म्हणजे २५ युनिटला आठ-नऊ तास. पण घरचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा, १-२ किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या. आणि स्लॅब विसरू नका, १०० युनिटच्या वर गेलात की दर चढतो, वरच्या हिशेबात १० रुपये धरलेत ते कमी पडू शकतात. चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी वर्गवारी आहे, वेगळं मीटर घ्यायचं का ते त्यांच्याकडे विचारून मग ठरवा. सॉकेट चांगल्या दर्जाचा, वायर ४ स्क्वेअर एमएमची, अर्थिंग खड्डा खोदून खरं केलेलं, आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवाच हवा, ओल्या अंगणात गाडी धुऊन तसाच प्लग लावणारी माणसं मी बघितलीत.

दुसरी गोष्ट बागेचीच आहे. आपण गंधक मारतो, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतो. ही दोन्ही तांब्याच्या जोडाला खातात. एका गाडीचं कनेक्टर खोललं होतं, आत हिरवी बुरशीसारखी पूड जमलेली, पिना अर्ध्या झालेल्या. डिझेलच्या गाडीत फार तर लाईट जाते, इथे गाडीच उभी राहते. फवारणीनंतर साध्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशर बॅटरी बॉक्स आणि कनेक्टरवर मारू नका. आणि शेडमध्ये उंदीर असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, वायर कुरतडली की महिनाभर पार्टची वाट बघत बसाल.

निफाड_मळा
वायरमन भाऊ स्लॅबचं बरोबर, माझा आकडा १२-१३ ने धरून बघा, तासामागे शंभर-सव्वाशे वाचतात.

एक भर घालतो, बॅटरीचं वजन. आपली काळी जमीन, पाऊस पडल्यावर लगेच ब्लोअर घेऊन आत जावं लागतं, चाकाखाली ओळ दबते आणि मुळ्यांना हवा मिळत नाही. डेमोला वजन विचारा, ब्लोअरची टाकी भरून मागचं चाक किती रुततं ते ओल्या ओळीत बघा, कोरड्या रस्त्यावर नाही.

कादवाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. काल वडील, भाऊ आणि मी बसून मोजलं. आम्हाला ६ एकराला पाणी भरून तीन तास लागतात, म्हणजे एका चार्जला बाग पूर्ण होतच नाही, आणि पावसाच्या रात्री दोनदा मारावं लागलं तर सहा तास. चांदवडच्या दादांचं वाचून दाखवलं तेव्हा भाऊ गप्प झाला, त्याला ती २६ तारीख आठवते, आमच्या दोन एकराचे मणी खाली पडले होते.

तर ब्लोअरला डिझेलच घेतोय. कात्र्या ६ घेतोय, ग्लोव्हसकट, ताई तुमचं लिहिलेलं आमच्या मुकादमाला पाठवलं. जुना ट्रॅक्टर मात्र विकायचा नाही असं वडिलांनी ठरवलंय, पंप-नोझलचं काम करून ट्रॉलीला ठेवायचा. भावाचा विचार आहे की तो दोन वर्षांनी काढून त्या जागी क्रेट वाहायला इलेक्ट्रिक आणायचा, तोपर्यंत घराचा भार वाढवून अर्थिंग करून ठेवतो.

एक शेवटचं विचारतो, राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात ई-ट्रॅक्टरपण धरलेत असं वाचलं. कोणाला सवलत प्रत्यक्ष मिळाली का?

चांदवड_३एकर
माझा त्याआधीचा आहे त्यामुळे मला नाही. पण घ्यायच्या वेळी कोटेशनवर सवलत वजा करून लिहून घ्या, नंतर खात्यात येईल या बोलीवर पूर्ण पैसे भरू नका. आणि क्रेट वाहायला घेणार असाल तर एकदा चांदवडला या, फेब्रुवारीत काढणी चालू असते, दिवसभर चालवून बघा.