पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवावं का?

खानदेशी मास्तर
नववीला 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला. 52 वह्या, आणि बहुतेकींत काळेकुट्ट ढग, विजांचा कडकडाट आणि थुईथुई नाचणारा मोर. आमच्या गावात मोर नाही. पोरांनी तो गाइडातून आणला होता.

पुढच्या आठवड्यात विषय फिरवला: 'पावसाने तुमच्या घरी काय बिघडवलं?' आधी बाकावरच्या सोबत्याला सांगायचं, त्याने तीन प्रश्न विचारायचे, मग लिहायचं. तीन ओळींपुढे कधी न गेलेल्या एकाने दीड पान भरलं. कांद्याची चाळ गळायला लागली, बापाने रात्री ताडपत्री ओढली, आजी उजाडेपर्यंत कांदे निवडत बसली. चुका ढीगभर होत्या. मी एकही खूण केली नाही, खाली फक्त विचारलं, 'बाप काय बोलला?' दुसऱ्या दिवशी आणखी पाच ओळी आल्या. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नको, असं माझं मत झालंय.

ऱ्हस्वदीर्घ
निवृत्त शिक्षक आहे, स्पष्ट बोलतो. हे लाड आहेत. 'मूल' पण 'मुलाला', 'फूल' पण 'फुलाला', हा नियम नववीत हाताला लागला नाही तर पुढे लागत नाही. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे दोरा. चुकीवर खूण नाही म्हणजे ते बरोबरच आहे, असं पोर समजतं.

क्लासवाला
दोघेही परीक्षा विसरलात. दहावीची कृतिपत्रिका, म्हणजे मराठीचा पेपर, 80 गुणांची, शेवटच्या अर्ध्या तासात निबंध. माझी पोरं मोरच नाचवतात आणि मार्क घेऊन येतात. कांद्याच्या चाळीला किती देणार?

खानदेशी मास्तर
@क्लासवाला, मी पेपर तपासतो. एकसारखे 40 मोर वाचल्यावर एक चाळ आली तर हात सैल सुटतो, खरं सांगतो.
@ऱ्हस्वदीर्घ, दुरुस्ती करतोच, पण दुसऱ्या खर्ड्यावर. एका वेळी एकच नियम. या आठवड्यात फक्त 'फुलाला'चा, बाकीच्या चुका वाट बघतील.

दोन पोरांची आई
आमच्या घरात अहिराणी. थोरल्याने दुसरीत 'मना बाप' लिहिलं, बाईंनी लाल फुली मारली. आता आठवीत आहे, विचारलं तेवढंच लिहितो. त्या फुलीमुळेच असं मी म्हणत नाही. पण मला ती अजून दिसते.

ऱ्हस्वदीर्घ
ताई, फुली चुकलीच. शेजारी 'माझा बाप' लिहून दोन्ही वाचून घ्यायला हवं होतं. पण उद्या त्याला तहसीलमध्ये अर्ज द्यायचाय, तिथे प्रमाण मराठीच लागेल. ती कोणी शिकवायची?

आणि मास्तर, हिशेब करा. चार तुकड्या, 220 वह्या, एका वहीला चार मिनिटं: जवळपास पावणेपंधरा तास. त्यात तुमचे दोन खर्डे. निवडणुकीची कामं वेगळीच.

खानदेशी मास्तर
हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून दर वेळी वर्गातल्या दहाच वह्या नीट वाचतो, बाकीच्या पोरं एकमेकांच्या वाचतात. त्यात बनवाबनवी होते, नाकारत नाही. आमच्याच अमळनेरला साने गुरुजी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवत. तसं भित्तिपत्रक काढायचा विचार आहे. चार लोक वाचणार म्हटलं की पोरं शुद्धलेखन आपणहून विचारतात.

ऱ्हस्वदीर्घ
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ते दैनिक मुख्यतः गुरुजी स्वतः लिहीत. तुम्ही स्वतः फळ्यावर पोरांसमोर एखादा परिच्छेद शेवटचा कधी लिहिलात? खोडत, अडखळत?

खानदेशी मास्तर
कधीच नाही. 16 वर्षं झाली नोकरीला.

क्लासवाला
लिहा सोमवारी. विषय मी देतो: 'माझ्या गावातला मोर'.

खानदेशी मास्तर
चालेल. चुकलो तर खडू ऱ्हस्वदीर्घ सरांकडे.