आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांना स्कूबा: सुरुवात कशी करावी, कोणी कोणासोबत उतरावं?

निळाई
नमस्कार मंडळी. मुलगी ११ वर्षांची, मुलाला नुकतीच ८ पूर्ण झाली. मुलगी २०० मीटर न थांबता पोहते, मुलाचं ५० मीटरपर्यंत ठीक आहे. आम्ही दोघं ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) सर्टिफाइड, प्रत्येकी वीसेक डाइव्ह झालेल्या. चौघांचा मिळून छंद व्हावा अशी इच्छा आहे. धाकट्याला आत्ताच सुरू करावं का? मोठ्यांची हवेची टाकी आणि तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट मुलांना चालतं का? आणि एक मोठा, एक लहान अशा दोन जोड्या करून उतरलं तर चालेल ना?

खोलपाणी
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण चूक तिथेच होते. अशा जोड्या करू नका. नियमाने म्हणाल तर पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ज्युनियर ओपन वॉटरमध्ये १०-११ वर्षांचं मूल सर्टिफाइड पालकासोबत किंवा पाडीच्या व्यावसायिकासोबत १२ मीटरपर्यंत जाऊ शकतं. १२ ते १४ वयात कोणत्याही सर्टिफाइड प्रौढासोबत १८ मीटरपर्यंत. म्हणजे कागदावर तुमची लेक तुमच्यासोबत जाऊ शकते. पण बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, म्हणजे अडचणीत दुसऱ्याला वर आणू शकेल असा माणूस. तीस-पस्तीस किलोचं मूल बेशुद्ध प्रौढाला वर आणून तरंगत ठेवू शकत नाही. म्हणजे खाली काही झालं तर तुम्ही एकटेच असता, शिवाय मुलाची जबाबदारी वेगळी.

म्हणून एका वेळी एकच मूल, सोबत दोन मोठे. वीस डाइव्हच्या अनुभवावर त्या दोघांतला एक इन्स्ट्रक्टर असू द्या. दुसरा पालक दुसऱ्या मुलाला घेऊन वर थांबेल, मग अदलाबदल. इन्स्ट्रक्टर पुढे, पालक मुलाच्या बाजूला, किंचित वर, हात लांब केला की जॅकेट हातात येईल इतक्या अंतरावर. मागे राहू नका. मूल अचानक वर सरकायला लागलं तर मागचा माणूस पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

धाकट्याला ८ व्या वर्षी बबलमेकर (मुलांना स्कूबाची पहिली ओळख करून देणारं सत्र) करता येतं, पण खोली फक्त २ मीटर. खरा कोर्स १० पासून. त्यात २०० मीटर पोहणं (किंवा मास्क, श्वासाची नळी म्हणजे स्नॉर्केल आणि पायातले फिन्स घालून ३०० मीटर) आणि १० मिनिटं तरंगणं, दोन्हींना वेळेची अट नाही.

दडेबसले
कानांबद्दल सविस्तर लिहिते. मुलांच्या डाइव्ह बिघडतात त्या बहुतेक इथेच.

घसा आणि मधला कान जोडणारी नळी लहान वयात अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे दडे लवकर बसतात. खोल गेल्यावर त्रास होईल अशी पालकांची समजूत असते. प्रत्यक्षात दाबातला सगळ्यात मोठा टक्केवारीचा फरक वरच्या दहा मीटरमध्येच असतो. पृष्ठभागावरून १० मीटरला जाताना दाब दुप्पट होतो, त्यापुढचे १० मीटर उतरताना तो दीडपटच वाढतो.

आधी जमिनीवर सराव: नाक चिमटीत धरून घोट गिळायचा. दोन्ही कानांत हलकी टिक् ऐकू आली पाहिजे. एकाच कानात येत असेल तर त्या दिवशी स्नॉर्केलच. पाण्यात डोकं जाण्याआधी एकदा कान मोकळे करायचे आणि मग पहिल्या पाच मीटरपर्यंत दर अर्ध्या मीटरला. दुखायची वाट पाहायची नाही. दोरी धरून, पाय खाली ठेवून उतरायचं. दुखलं तर मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न. तीनदा जमलं नाही तर डाइव्ह तिथेच संपली, हे आधीच ठरवून टाका. नाक दाबून जोरात फुंकायला सांगू नका, त्याने आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटू शकतो आणि ऐकण्यावर कायमचा परिणाम होऊ शकतो.

टाकीवाला
सामान. मोठ्यांची नेहमीची ॲल्युमिनियमची ११ लिटरची टाकी रिकामी असतानाच जवळपास १४ किलोची असते. ती पाठीवर घेतलेलं मूल बोटीवर उभं राहतं कसं ते बघा एकदा. ५.७ लिटरची टाकी साधारण निम्म्या वजनाची आणि मुलाच्या छोट्या डाइव्हला पुरेशी.

मोठी टाकी दिलीच तर एक गंमत होते, आणि ती गमतीची नाही. टाकीतला दाब २०० बारवरून (बार म्हणजे दाबाचं एकक) ५० वर येईपर्यंत जवळपास २ किलो हवा वापरलेली असते, टाकी तेवढी हलकी होते. खाली राहण्यासाठी अंगावर बांधलेलं, सुरुवातीला बरोबर वाटणारं वजन शेवटी कमी पडतं आणि हलकं मूल वर येताना ५ मीटरवर सुरक्षेसाठी थांबायच्या ऐवजी बुचासारखं वर जातं. वजनाची तपासणी शेवटी, ५० बार असताना करा.

जॅकेट: खांद्याचे पट्टे धरून मुलाला उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर मोठं आहे. मास्क: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्यायला सांगा, हात काढा. पडला तर दुसरा. रेग्युलेटरचं (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) तोंडात धरायचं रबर लहान मापाचं लावून घ्या. मोठं असेल तर जबडा दुखतो, दातांची पकड सैल पडते, पाणी आत येतं, मूल घाबरतं. आणि आपण म्हणतो, मूल भित्रं आहे.

निळाई
जोड्यांचं गणित समजलं, बदलतो. धाकट्याला सर्दी वारंवार होते. आधी नाकाचा स्प्रे दिला तर? आणि थंडी वाजतेय हे कसं कळणार? तो काही सांगत नाही.

दडेबसले
स्प्रे नको. खाली असताना औषधाचा असर उतरला की नळी बंद होते आणि वर येताना कानातली हवा बाहेर पडत नाही. उतरताना कान दुखला तर डाइव्ह रद्द करता येते, वर येणं मात्र टाळता येत नाही. सर्दी पूर्ण जाऊ द्या. वारंवार होत असेल तर डाइव्हिंग समजणाऱ्या कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. कानात नळी बसवलेली असेल तोवर स्कूबा नाही. दमा, फिट्स, नियमित औषधं यांपैकी काहीही असेल तर आरोग्याच्या फॉर्मवर खरं लिहा.

थंडीसाठी खूण आधी ठरवा: दोन्ही हात छातीशी घट्ट. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा वीसेक पटीने वेगाने ओढतं आणि मुलं वजनाच्या मानाने लवकर गार पडतात. तुम्हाला ३ मिलीमीटरचा सूट पुरत असेल तिथे त्याला ५ चा. ओठ बघा. पहिल्या काही वेळी २०-२५ मिनिटं बास.

खोलपाणी
खुणांवरून आठवलं. मुलं ‘छान’ म्हणून अंगठा वर करतात. पाण्यात त्याचा अर्थ ‘वर चला’. तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ घोटून घ्या. आणि ‘ठीक?’ विचारलं की मूल ठीकच म्हणतं, म्हणून ‘किती बार?’ असं विचारा. गेज (दाब दाखवणारा काटा) वाचून बोटांनी आकडा दाखवता आला तर डोकं जागेवर आहे.

उथळबरं
८ व्या वर्षी टाकी पाठीवर हवीच कशाला? नियम परवानगी देतो म्हणून करायलाच हवं असं नाही. श्वास रोखायचा नाही हे मूल पाठ म्हणेल, पण नाकात पाणी गेलं की अंगभूत प्रतिक्रिया श्वास रोखून वर पळण्याचीच असते. भरलेल्या फुप्फुसांनी जेमतेम सव्वा मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. तलाव उथळ आहे एवढ्याने धोका टळत नाही.

त्यापेक्षा दोन वर्षं स्नॉर्केल. कमरेइतक्या पाण्यात, मास्कशिवाय, तोंड पाण्यात घालून स्नॉर्केलमधून एक मिनिट श्वास. नाक उघडं असताना तोंडाने श्वास घेणं जमलं की निम्मं काम झालं. मग मास्कमध्ये पाव भाग पाणी घेऊन नाकाने फुंकून काढणं, मग अर्धा, मग पूर्ण, शेवटी मास्क काढून पुन्हा घालणं. हे सगळं न घाबरता होईपर्यंत टाकीचं नाव काढू नका.

खोलपाणी
@उथळबरं धाकट्याच्या बाबतीत सहमत, ५० मीटर पोहणं कमीच आहे. लेकीचा कोर्स मात्र अडवायचं कारण दिसत नाही, तिची स्वतःची इच्छा असेल तर. तिला एकटीला गाठून विचारा, भावासमोर नको. आणि सुट्टीत करणार असाल तर परतीचं विमान बघून ठेवा: शेवटची डाइव्ह आणि विमान यांच्यात एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर किमान १८ तास जाऊ द्या.