खाणीवरची काळी माती साठवायची की नाही?

वर्धाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "काळी माती वेगळी काढणं म्हणजे वाया खर्च. ओबी डम्पवर सरळ खड्डे घ्या, झाडं लावा." राहवलं नाही. ओबी म्हणजे कोळशावरचे खडकांचे थर, डम्प म्हणजे ते काढून रचलेला ढिगारा. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या डम्पवर वालुकाश्माचा चुरा, शेल आणि कोळशाची भुकटी असते. पाणी धरत नाही, नत्र नाही. सेंद्रिय कर्बाच्या अहवालात आकडा चांगला दिसतो तो या भुकटीमुळे. तो कर्ब झाडाच्या काही कामाचा नाही.

मातीचा हिशोब मांडून बघा. १ हेक्टरवरचा ३० सेंमी थर म्हणजे ३,००० घनमीटर. उकरल्यावर फुगून साधारण ३,७००. तोच, बसल्यावर १५ सेंमी राहील असा पसरला तर २ हेक्टर झाकतो. एवढा ऐवज ओबीत गाडायचा?

ओबीवाला: ते लिहिणारा मीच. डम्पचा उतार २८ अंशांचा. त्यावर काळी माती टाकली की उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या जोरदार पावसात पाणी भेगांतून खाली शिरतं आणि अख्खा थर घसरतो. शिवाय दहा वर्षं ढिगात पडलेल्या मातीत जिवंत काय उरतं? ढिगाच्या पोटात हवा जात नाही, बुरशी आणि जिवाणू मरतात. उरते नुसती चिकणमाती.

माती_नमुना: ढीग सहा मीटर उंच केला तर मरणारच! २ मीटरच्या वर नेऊ नका, लगेच ताग-धैंचा पेरा, वरून डम्पर फिरवू नका, कडेने चर काढा. मुळात साठवायचीच कशाला? नव्या कापाची (खाणीसाठी नव्याने उकरायच्या पट्ट्याची) माती त्याच हंगामात तयार झालेल्या डम्पवर थेट न्या. हे नियोजनाचं काम आहे, मातीवर खापर फोडू नका.

आणि आधी तपासा. हेक्टरी एक खड्डा, ९० सेंमी खोल, थर बदलेल तिथून वेगळा नमुना. सामू, क्षारता, विनिमययोग्य सोडियम. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून जिथे माती जोरात फसफसते, तिथे चुनखडीचा थर सुरू झाला. तो वरच्या मातीत मिसळू देऊ नका. चोपण (सोडियम जास्त असलेली माती) निघाली तर तिचा ढीग वेगळा.

मोजणीदार: मिसळू देऊ नका म्हणे! कंत्राटदाराला पैसे घनमीटरवर मिळतात. पोकलेन एका घासात ८० सेंमी उचलतं, काळी माती, चुनखडी, मुरूम सगळं एकत्र. निविदेत दोन थरांचे दोन दर नसतील तर तुमचे सगळे नमुने फुकट. मोजमापही काढण्याआधी जागेवर घ्या. ढिगावर घेतलं की फुगवट्याचे पैसे जातात.

वर्धाकाठ: दराचं ठीक. पण त्याहून जास्त नुकसान ओल्या मातीत यंत्र घातल्याने होतं. वाफसा नसताना काढलेली काळी माती लिंपल्यासारखी होते, पोकळ्या बुजतात.

मोजणीदार: म्हणजे मे महिन्यात काढायची? तेव्हा दगडासारखी ढेकळं निघतात. ती पसरणार कोण?

माती_नमुना: ढेकळं निघू द्या! पावसाचे दोन-चार सपाटे बसले की काळ्या मातीचं ढेकूळ आपोआप फुटून भुसभुशीत होतं. लिंपलेली माती तशी सुटत नाही, वर्षानुवर्षं मूळ आत जात नाही. खात्रीसाठी चिमूटभर माती तळहातावर वळा. ३ मिमी जाडीची दोरी न तुटता झाली की यंत्र बंद.

मोजणीदार: खाणीचं वेळापत्रक तुमच्या तळहातावर चालत नाही हो.

माती_नमुना: मग मातीही तुमच्या वेळापत्रकावर उगवणार नाही. फेब्रुवारी ते मे असे चार महिने मिळतात. ते कापाच्या आराखड्यात आधीच धरा, जूनमध्ये धावपळ कशाला?

ओबीवाला: तुम्ही दोघं वाफशावर भांडताय, माझ्या उताराचं उत्तर कुणीच दिलं नाही. गाजरगवतही त्याच मातीतून येतं, तेही सांगा.

वर्धाकाठ: उताराबाबत तुमचं बरोबर आहे, मान्य. काळी माती उतारावर नकोच. तिथे मुरूम, काथ्याची जाळी आणि गवत. काळी माती डम्पच्या सपाट माथ्यावर आणि रुंद पायऱ्यांवर. पण त्याआधी माथा रिपरने ५० सेंमी फोडून घ्या. डम्परच्या चाकांनी तो इतका दबलेला असतो की माती वर सतरंजीसारखी पडून राहते, पाणी मधल्या सांध्यात तुंबतं आणि मुळं तिथेच वळतात. पसरताना पोकलेन मागे सरकत सरकत काम करेल. पसरलेल्या मातीवर चाक जाता कामा नये. गाजरगवत फुलायच्या आत उपटा. त्यासाठी अख्खी माती गाडणं हा उपाय नव्हे.

ओबीवाला: माथ्यापुरतं मान्य. उतारावर एक खेपही नको. आणि ढिगावर तारीख, गट नंबर आणि खोली लिहिलेली पाटी लावा, नाहीतर तीच माती उद्या रस्त्याच्या भरावात जाईल.

मोजणीदार: पाटी लावा, पण आधी दोन दर लावा.