मदत हवी आहे: ट्रिब्यून ऑक्टेव्हियसची पदच्युती नियमबाह्य होती का?

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. रोमन प्रजासत्ताक शिकवताना टायबेरियस ग्राकसपाशी आले की दरवर्षी माझी अडचण होते. यंदा एका विद्यार्थिनीने सरळच विचारले, "मॅडम, नियम आधी कोणी मोडला?" मी दिलेले उत्तर माझे मलाच पटलेले नाही.

इटलीत युद्धे जिंकून रोमने जी जमीन सरकारजमा केली होती, तिचा मोठा भाग धनिकांनी बळकावला होता आणि माणशी 500 युगेरांची, म्हणजे सुमारे 311 एकरांची, जुनी मर्यादा कोणी पाळत नव्हते. इ.स.पू. 133 मध्ये ट्रिब्यून (सामान्य लोकांच्या हितरक्षणासाठी लोकांनी निवडलेला अधिकारी) झालेल्या टायबेरियसने जादा जमीन काढून घेऊन गरिबांना वाटण्याचा कायदा सिनेटला, म्हणजे प्रतिष्ठितांच्या सल्लागार सभेला, डावलून थेट मतदार नागरिकांच्या सभेपुढे मांडला. दहा ट्रिब्यूनांपैकी एकानेही नकाराधिकार वापरला तरी कामकाज थांबत असे, आणि मार्कुस ऑक्टेव्हियसने तो वापरला. तेव्हा टायबेरियसने ऑक्टेव्हियसलाच पदावरून काढण्याचा ठराव मताला टाकला.

प्राचीन चरित्रकार प्लूटार्कने केलेले त्या मतदानाचे वर्णन मला विसरता येत नाही. एकूण 35 मतदारगट होते (या गटांना 'ट्राइब' म्हणत असले तरी त्या टोळ्या नव्हत्या, प्रदेशवार विभाग होते) आणि बहुमताला 18 गट लागत. 17 गटांचा कौल ऑक्टेव्हियसच्या विरुद्ध गेल्यावर टायबेरियसने मतदान थांबवले, त्याला मिठी मारली आणि माघार घेण्याची विनवणी केली. ऑक्टेव्हियसचे डोळे भरून आले, तो बराच वेळ गप्प राहिला. पण घोळक्याने उभ्या असलेल्या जमीनदारांकडे नजर जाताच 'तुला हवे ते कर' असे म्हणाला. अठरावा गट बोलावला गेला.

माझी पहिली शंका अशी की, लोकांनी निवडलेल्या ट्रिब्यूनला लोकांनीच मुदतीआधी काढणे रोमन दृष्टीने गैर होते का? दुसरी शंका मला अधिक छळते. 35 पैकी 31 गट ग्रामीण होते, परंतु मत देण्यासाठी स्वतः रोमला यावे लागे. टायबेरियस ट्रिब्यूनपदासाठी पुन्हा उमेदवार झाला तेव्हा त्याचे शेतकरी समर्थक सुगीत अडकले होते, असे प्राचीन इतिहासकार अ‍ॅपियन सांगतो. मग 'लोकांचा कौल' म्हणजे नेमका कोणाचा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपल्या दुसऱ्या शंकेत पहिलीचे निम्मे उत्तर आहे. रोमची राज्यघटना लिखित नव्हती. तिथे पूर्वजांची रीत हाच आधार होता. सहकारी ट्रिब्यूनला काढण्याची रीत नव्हती, तशी ती निषिद्ध ठरवणारा कायदाही नव्हता. शिवाय प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस स्पष्ट लिहितो की, ट्रिब्यूनांनी नेहमी लोकांच्या इच्छेप्रमाणे वागले पाहिजे. टायबेरियसचा युक्तिवाद हाच होता, म्हणून त्याला निव्वळ बंडखोरी म्हणणे मला मान्य नाही.

कौल मात्र त्या दिवशी जे हजर असत त्यांचाच. शहरात राहणारी सारी गर्दी चार गटांत कोंबलेली होती असेही समजू नये. गावाकडून येऊन स्थायिक झालेल्यांचे नाव बहुधा जुन्याच ग्रामीण गटात राही. त्यामुळे दूरच्या गटातील मूठभर हजर मतदारही त्या गटाचे पूर्ण मत ठरवू शकत.

विद्यार्थिनीला आणखी दोन गोष्टी अवश्य सांगा. सिपिओ नासिकाच्या पुढाकाराने सिनेटरांनी टायबेरियसला ठार मारले, तरी त्याचा जमीन कायदा लगेच रद्द झाला नाही. वाटप मंडळ काम करत राहिले आणि त्याने रोवलेले हद्दीचे दगड आजही सापडतात. दुसरी गोष्ट इ.स.पू. 67 मधली. समुद्री चाच्यांविरुद्ध सेनापती पॉम्पेला व्यापक अधिकार देणाऱ्या, ट्रिब्यून गाबिनियसच्या ठरावाला ट्रेबेलियस या ट्रिब्यूनने विरोध केला, तेव्हा गाबिनियसने त्याच्या पदच्युतीसाठी तसेच मतदान सुरू केले. 17 गटांचा कौल विरुद्ध गेल्यावर ट्रेबेलियसने नकाराधिकार मागे घेतला. ऑक्टेव्हियसचे काय झाले होते, हे त्याला ठाऊक होते.