शार्लट ल्युकसला दोष द्यावा का? 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचताना पडलेला प्रश्न

प्रश्न : वाचक, जुळे सोलापूर

नमस्कार. आमच्या महिला वाचनगटाने या वेळी जेन ऑस्टिन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही १८१३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचायला घेतली आहे. गड्ड्याच्या यात्रेमुळे एक बैठक पुढे ढकलावी लागली, तरी निम्म्याहून अधिक वाचन झाले आहे. नायिका एलिझाबेथ आणि नायक डार्सी यांच्याविषयी गटात फारसे मतभेद नाहीत. वाद पेटला तो शार्लट ल्युकसवरून.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेनेट दांपत्याला पाच मुली आहेत, मुलगा नाही. आणि त्यांच्या इस्टेटीवर असे बंधन आहे की, बेनेट यांच्या पश्चात ती केवळ पुरुष वारसाकडे, म्हणजे कॉलिन्स नावाच्या नात्यातल्या पाद्र्याकडे जाणार. हा आत्मसंतुष्ट गृहस्थ बेनेट यांच्या मुलीला, एलिझाबेथला मागणी घालतो, ती नकार देते, आणि तीन दिवसांच्या आत तो तिच्याच जिवलग मैत्रिणीला, सत्तावीस वर्षांच्या शार्लटला मागणी घालतो. ती होकार देते. तिला त्याच्याविषयी ना प्रेम आहे ना आदर. तिला हवे आहे ते स्वतःचे घर.

गटातील तरुण मुलींचे म्हणणे असे की शार्लटने स्वतःला विकले. निवृत्त शिक्षिका असलेल्या दोघी म्हणतात की तिच्याइतका व्यवहार कोणालाच कळलेला नाही. माझे प्रश्न दोन आहेत. लेखिकेला आपण शार्लटला दोष द्यावा असे अभिप्रेत आहे का? आणि इस्टेटीचा मुद्दा निघाला की "ते तिकडचे जुने कायदे, त्यांचे आपल्याला काय," असे म्हणून मुली पुढची पाने उलटतात, त्यांना तो मुद्दा कसा समजावून द्यावा?

उत्तर : निवृत्त दस्तलेखक, सात रस्ता

ताई, माझा व्यवसाय दस्त लिहिण्याचा, साहित्याचा नव्हे. त्यामुळे ही कादंबरी मी हिशेबाच्या अंगाने वाचली, आणि ती तशी वाचली तर शार्लटचा प्रश्न बराच सोपा होतो असे मला वाटते.

बेनेट यांचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड आहे. ते हयात आहेत तोवर घरात स्वयंपाकीण आहे, घोडागाडी आहे, नवे कपडे आहेत. त्यांनी डोळे मिटले की आई आणि पाच मुली यांच्या वाट्याला एकूण पाच हजार पौंडांचे भांडवल उरते. कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालताना यातला तिच्या वाट्याचा आकडा तिला ऐकवतो: चार टक्क्यांच्या रोख्यांतले एक हजार पौंड, आणि तेही आईच्या मृत्यूनंतर. म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. ज्या घरात दोन हजारांतूनही काही शिल्लक पडत नव्हते, त्या घरातल्या मुलीला चाळीस! बेनेटबाईंना आपण सगळे हसतो, लेखिकाही हसवते. पण मुलींच्या लग्नासाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्या या बाईने संकट ओळखलेले आहे, आणि ग्रंथालयात दार लावून बसणाऱ्या तिच्या विनोदी नवऱ्याने त्याकडे पाठ फिरवली आहे, हे हसता हसता विसरून चालणार नाही.

त्याने शिल्लक का टाकली नाही, याचेही कारण पुस्तकात दिलेले आहे. मुलगा होणारच असे दोघांनी गृहीत धरले होते. तो सज्ञान झाला की बापलेक मिळून इस्टेटीवरचे बंधन मोडतील आणि धाकट्या भावंडांची सोय होईल, असा बेत होता. पाच मुली झाल्या, मुलाची वाट पाहणे संपले, तेव्हा काटकसरीची वेळ निघून गेलेली होती. हे वाचून आपल्याकडच्या कोणाला परके वाटेल, असे मला तरी वाटत नाही.

आता तुमच्या मुलींना सांगण्याजोगा मुद्दा. त्या कादंबरीत मुलींचा हिस्सा लेखी दस्ताने गेलेला आहे, आणि तो दस्त करणे हीदेखील त्या त्या घराण्याची मर्जी आहे. कॉलिन्सची आश्रयदाती लेडी कॅथरीन एका जेवणानंतर सहज सांगून जाते की आपल्या नवऱ्याच्या घराण्यात मुलींना वगळण्याची गरज कोणाला वाटली नाही. आपल्याकडे कायदा उलट बाजूने उभा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला, आणि २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरीही वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली की पाठोपाठ बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात आणून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याचा प्रघात थांबलेला नाही. माझ्यासमोर बसून सही करणाऱ्या किती बायका "माहेर राहिलं पाहिजे" एवढेच म्हणाल्या! जबरदस्ती कोणी करत नाही. चहा मागवला जातो, एखादी साडीही घेतलेली असते. तिकडे जे काम दस्ताने केले ते इकडे रीत करते, आणि रीतीविरुद्ध दाद मागायला न्यायालय नाही. मुली पाने उलटू लागल्या तर त्यांना एवढेच विचारा की, त्यांच्या आईने असा कागद केला आहे का.

उत्तर : इंग्रजीच्या प्राध्यापिका, विजापूर रोड

काकांनी मांडलेल्या हिशेबात एक भर घालते. ल्युकस कुटुंबाकडे हे लग्न ठरल्याची बातमी जाते तेव्हा शार्लटची आई लगेच बेनेट अजून किती वर्षे जगतील याचा अंदाज बांधू लागते, धाकट्या बहिणींना आपण वर्ष-दोन वर्षे आधीच समाजात वावरू लागू अशी आशा वाटते, आणि भावांना हायसे वाटते की बहीण जन्मभर बिनलग्नाची राहणार नाही. प्रत्येकाला या लग्नातून काही ना काही मिळते, आणि ज्या माणसासोबत दिवस काढायचे आहेत तो एकटीच्या वाट्याला येतो. इतक्या थोड्या ओळींत घर उभे करणारी लेखिका विरळा.

दोषाबद्दल म्हणाल तर, शार्लटने आपली प्रतिष्ठा गमावली हे मत एलिझाबेथचे आहे आणि एलिझाबेथ या कादंबरीत अनेक बाबतींत चुकते. पुढे ती शार्लटच्या घरी राहायला जाते तो भाग अवश्य सावकाश वाचावा. शार्लटने स्वतःच्या बैठकीसाठी मागच्या बाजूची, कमी चांगली खोली निवडलेली असते, कारण चांगली खोली निवडली असती तर नवरा तिथेच येऊन बसला असता. आणि त्याने बागेत काम करावे म्हणून ती त्याला सतत प्रोत्साहन देते. लेखिका निवाडा देत नाही, खोल्यांची रचना दाखवून गप्प बसते.

शिवाय ऑस्टिन यांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. १८०२ च्या डिसेंबरात त्यांनी एका सधन घरातल्या तरुणाची मागणी स्वीकारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होकार परत घेतला. १८०५ साली वडील वारल्यावर आई, त्या स्वतः आणि त्यांची बहीण भावांच्या आधारावर राहिल्या. १८०९ साली एका भावाने त्यांना राहायला जे घर दिले, तिथेच ही कादंबरी पूर्ण झाली. तिचे हक्क त्यांनी ११० पौंडांना विकून टाकले आणि मुखपृष्ठावर त्यांचे नावही नव्हते.

उत्तर : वाचक, विडी घरकुल

वरची दोन्ही उत्तरे पटली, तरी माझी एक हरकत आहे. कादंबरीत स्त्रीपुढे पर्याय मोजकेच दिसतात: लग्न, भावाचे उपकार, नाहीतर दुसऱ्याच्या मुलांना शिकवण्याची नोकरी. हे एका विशिष्ट वर्गाचे चित्र आहे. कॉलिन्स जेवताना स्वयंपाक कोणत्या मुलीने केला असे विचारतो, तेव्हा बेनेटबाई रागावून सांगतात की आमच्या मुलींना स्वयंपाकघरात काही काम नसते. मग तो स्वयंपाक ज्या बाईने केला, तिच्या लग्नाचे आणि तिच्या म्हातारपणाचे काय? तिचे नावही कोणी घेत नाही.

माझी आई तेंदूची पाने कातरून विड्या वळत आली. तेलुगूतून आमच्याशी बोलताना तिचे हात थांबत नसत. तिला शार्लटसारखा आयता संसार कोणी देऊ केला नाही आणि हक्कसोडपत्र करण्याइतकी मिळकतही माहेरी नव्हती. पण मजुरी तिची असली तरी ती कशावर खर्च व्हावी हे ठरवणारी माणसे वेगळीच होती. म्हणून "स्वतः कमावले की प्रश्न सुटतो" असे कोणी शार्लटकडे बोट दाखवून म्हणू लागले की मी सावध होते.

प्रश्नकर्त्या : वाचक, जुळे सोलापूर

सर्वांचे आभार. काकांचा प्रश्न मी गेल्या बैठकीत विचारला. खोली एकदम शांत झाली नाही, उलट इतका गलका झाला की त्या दिवशी प्रकरण पुढे सरकलेच नाही. कोणाच्या मावशीने सही नाकारली आणि भाऊबीज बंद झाली, इथपर्यंत गोष्टी निघाल्या. विडी घरकुलच्या ताईंची हरकतही वाचून दाखवली. तिला समाधानकारक उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हते, आणि गटात केवळ पांढरपेशा घरांतल्याच बायका आहेत हे त्यामुळे प्रथमच उघडपणे बोलले गेले. ताई, आपण पुढच्या बैठकीला आलात तर आनंद होईल.

आता एक विनंती. यानंतर मराठीतले काही घ्यावे असे सगळ्यांचे मत पडले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' घ्यावी का?

उत्तर : इंग्रजीच्या प्राध्यापिका, विजापूर रोड

अवश्य घ्यावी. ऑस्टिन यांची कादंबरी लग्नापाशी येऊन थांबते. आपट्यांची यमू बालपणीच लग्नात ढकलली जाते, नवऱ्याच्या सहवासात जेमतेम मोकळा श्वास घेते आणि वैधव्य आल्यावर तिचे केशवपन केले जाते. गोष्ट ती स्वतः सांगते, त्यामुळे बेनेटबाईंवर हसण्यासारखी सवलत वाचकाला मिळत नाही. मात्र तिच्याआधी ताराबाई शिंदे यांचे १८८२ सालचे 'स्त्रीपुरुष तुलना' एका बैठकीत वाचून घ्या. ते लहान आहे, त्यातला संताप रोखठोक आहे, आणि योगायोग असा की विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा व्यापक हक्क देणारा कायदा इंग्लंडमध्ये झाला तोही त्याच वर्षी.

आपट्यांची कादंबरी दीर्घ आहे. ती 'करमणूक' साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः येत होती, तेव्हा तुम्हीही हप्त्याहप्त्याने वाचावी. जुनी भाषा तरुण मुलींना सुरुवातीला जड जाईल, म्हणून पहिली काही प्रकरणे शिक्षिकांपैकी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलेली बरी.